बाण म्हणतो ‘४० मीटर’

पावसाळी धुक्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर जीपीएस हातात धरला की पडद्यावर तीन गोष्टी दिसतात: तुम्ही उभे आहात तो त्रिकोण, वाटेची रेघ, आणि त्या रेघेपर्यंतचं अंतर. समजा ते ४० मीटर आहे. शिवाजी पार्कात ४० मीटर म्हणजे पन्नास-पंचावन्न पावलं. सह्याद्रीत ते नुसतं ४० मीटर आडवं असेल, किंवा ४० मीटर आडवं आणि शिवाय दीडशे मीटर खोल असेल. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत बटणं समजावलेली असतात, कडे नाहीत. म्हणून कसारा, कर्जत, मुरबाड या बाजूंना जाणाऱ्या मुंबईकरांसाठी हे सविस्तर.

आधी एक गैरसमज दूर करू. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश यंत्र फक्त ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही. जागा आणि उंची दोन्ही काढायला किमान चार उपग्रह लागतात. मोबाइलमध्येही हाच प्रकार, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर कळसूबाईसारख्या मळलेल्या वाटेला मोबाइल पुरतो. बटणांचं वेगळं यंत्र पैसे वसूल करतं ते पावसात. ओल्या बोटांनी टचस्क्रीन भलतंच काही उघडतं, आणि दुपारपर्यंत बॅटरी विशीत येते. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स यंत्रावरची छोटी काडी मात्र हातमोज्यातूनही चालते आणि पेन्सिल सेल बदलले की यंत्र पुन्हा ताजंतवानं.

पदर चुकला तर

आपले डोंगर बेसॉल्टच्या थरांचे. उभा कडा, त्यावर झाडीचा पदर, म्हणजे अरुंद सपाट टप्पा, त्यावर पुन्हा कडा. वाट पदरातून आडवी जाते आणि एखादी नाळ (कड्यातली अरुंद घळ), सोंड (डोंगराची उतरती धार) किंवा खिंड मिळाली की वरच्या पदरात चढते. खालच्या पदरातली ढोरवाट आणि वरच्या पदरातली खरी वाट नकाशावर शेजारी-शेजारी पडतात. बाण तुम्हाला वाटेकडे वळायला सांगतो, समोर कारवी आणि कातळ. मग माणूस ‘इथूनच कुठूनतरी वर चढू’ म्हणून घसाऱ्यावर, सुट्या दगडमातीच्या उतारावर, शिरतो. बरेचसे अडकलेले लोक अशाच जागी अडकतात.

यावर उपाय आहे उंची. नकाशाच्या पानावर दोन माहितीचे रकाने ठेवता येतात. पहिला रकाना ‘एलिव्हेशन’ला द्या, दुसरा पुढच्या खुणेपर्यंतच्या अंतराला. वेग, सरासरी, सूर्यास्त हे सगळं दुसऱ्या पानावर हलवा. मग ट्रॅकवरच्या, म्हणजे यंत्रात उतरवलेल्या वाटेच्या रेघेवरच्या, त्या जागेची उंची आणि तुमची उंची ताडून बघा. ट्रॅकची उंची ट्रॅक मॅनेजरमधल्या ‘एलिव्हेशन प्लॉट’वर कर्सर सरकवून दिसते, पण धुक्यात उभं राहून ते करणं वेळखाऊ आहे. त्यापेक्षा घरी बसून वाटेवरच्या सात-आठ मोक्याच्या जागा आणि त्यांची उंची एका कागदावर पेन्सिलीने लिहा: गाव, पहिला ओढा, पदराची सुरुवात, नाळेचं तोंड, खिंड, माथा. पेन्सिलच, कारण पेनाची शाई पावसात पसरते. आडवं अंतर ५० मीटरच्या आत दाखवतंय पण उंचीत ४० मीटरपेक्षा जास्त फरक आहे, तर पदर चुकलाय असं समजा. वर चढून जायचं नाही. वाट जिथे सुटली तिथपर्यंत आपल्याच ट्रॅकवरून मागे यायचं.

आता ही उंची विश्वासाची हवी, आणि इथे यंत्रायंत्रात फरक पडतो. ईट्रेक्स २२एक्सला बॅरोमीटर नाही, ३२एक्सला आहे. २२एक्स उंची उपग्रहांवरूनच काढतं. आडव्या जागेपेक्षा उभ्या उंचीतली चूक जास्त असते, साधारण दीडपट ते दुप्पट, कारण सगळे उपग्रह तुमच्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो. छोटे फरक तो फार बारकाईने टिपतो, पण त्याला कुठून मोजायचं ते सांगावं लागतं.

ते सांगायला रेल्वेची पिवळी पाटी फार कामाची. लोणावळा, इगतपुरीसारख्या स्थानकांत फलाटाच्या टोकाला नावाच्या पाटीखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. गाडीतून उतरलात की ‘कॅलिब्रेट अल्टिमीटर’मध्ये तो आकडा भरा. पुढे ज्या गावातून चढाई सुरू होते तिथली उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर मिळते, तिथे पुन्हा ताडा. कळसूबाईच्या माथ्याला १,६४६ मीटर भरलं की उतरताना सगळं जागेवर येतं.

आणि मग दाब बदलतो. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. पुन्हा रात्री दहाला जास्त, पहाटे चारला कमी. सकाळ ते दुपार हा फरक तीन-चार हेक्टापास्कलचा असतो. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टापास्कल म्हणजे सुमारे साडेआठ मीटर. म्हणजे दादरच्या घरात टेबलावर ठेवलेलं यंत्र सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत आपोआप पंचवीस-तीस मीटर ‘चढतं’. यात बिघाड काही नाही. करून बघायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी करा, त्यात ऑटो कॅलिब्रेशन बंद ठेवा. डोंगरात याचा अर्थ एवढाच, की सकाळी गावात भरलेली उंची दुपारी माथ्यावर पंचवीस-तीस मीटर जास्त दिसणार, आणि वर म्हटलेली ४० मीटरची मर्यादा त्यामुळेच वीसवर आणता येत नाही. मुक्कामाला थांबलात की ‘बॅरोमीटर मोड’ व्हेरिएबलवरून फिक्स्डवर न्या. मग रात्रीचा दाबातला बदल यंत्र हवामानाच्या खात्यात टाकतं, उंचीच्या नाही. सकाळी निघताना परत व्हेरिएबल करायला मात्र विसरू नका, नाहीतर दिवसभर एकच उंची बघत चालाल.

मोबाइलवरच्या काही अ‍ॅपमध्ये मरीन ड्राइव्हला समुद्राखाली साठ-सत्तर मीटर अशी उंची दिसते, ती भानगड वेगळी. ती अ‍ॅप पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची तशीच दाखवतात. मुंबईत खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साधारण तेवढीच खाली आहे. हातातली चांगली यंत्रं ही दुरुस्ती स्वतःच करतात. मित्राच्या मोबाइलवरची उंची आणि तुमच्या यंत्रावरची उंची जुळत नसेल तर आधी हे तपासा.

नकाशावरच्या रेघा कुठून आल्या

फुकट मिळणारे बहुतेक नकाशे ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर बनतात आणि त्यातल्या उंचीच्या रेघा बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने केलेल्या मोजणीतून येतात. त्या मोजणीत जमिनीचे सुमारे ३० मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली आहे. शंभर मीटरचा सरळसोट कडा अशा दोन-तीन चौकोनांत विरघळतो. नकाशावर रेघा दाट दिसतात, म्हणजे ‘खडा चढ’ वाटतो. प्रत्यक्षात तिथे चढ नसतोच, भिंत असते. नाळ अरुंद असेल तर ती या रेघांत मुळी दिसतच नाही. म्हणून रेघा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे ‘जाता येईल’ असा विचारही करायचा नाही, मग ट्रॅक काही म्हणो.

यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची ओपन सिरीजची पत्रकं सोबत वाचावीत. कड्यांसाठी त्यात वेगळी खूण असते. एक सावधगिरी: जुन्या टॉपोशीटचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, एव्हरेस्ट आहे, नव्या ओपन सिरीजचा डब्ल्यूजीएस ८४. जुन्या पत्रकावरून काढलेले अक्षांश-रेखांश यंत्राच्या डब्ल्यूजीएस ८४ सेटिंगमध्ये तसेच भरले तर आपल्या भागात जागा शंभर-सव्वाशे मीटर सरकते. कड्याच्या काठावर सव्वाशे मीटर म्हणजे काय ते सांगायला नको. पत्रकाच्या समासात डेटम छापलेला असतो, तो आधी वाचा.

आकड्यांची गफलत

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नसतो. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहितात. कळसूबाईचा माथा घ्या:

१९.६०१०°, ७३.७०९०° (अंश आणि दशांश)
१९° ३६.०६′, ७३° ४२.५४′ (अंश, मिनिटं आणि दशांश)
१९° ३६′ ०३.६″, ७३° ४२′ ३२.४″ (अंश, मिनिटं, सेकंद)

तिन्ही एकच जागा. आता कुणी दुसऱ्या ओळीतलं ‘१९ ३६.०६’ व्हॉट्सअ‍ॅपवर चिन्हाशिवाय पाठवलं आणि तुम्ही ते १९.३६०६° असं भरलं, तर माथा साडेसव्वीस किलोमीटर दक्षिणेला जातो. ही चूक लगेच पकडली जाते, कारण नकाशावर भलतंच गाव दिसतं. धोक्याची चूक आहे छोटी. ३६.०६ मिनिटं हे ३६ मिनिटं ०६ सेकंद म्हणून भरलं तर फरक पडतो जेमतेम ७५ मीटरचा. नकाशावर तोच डोंगर, तोच माथा, सगळं बरोबर दिसतं, आणि नाळेचं तोंड मात्र शेजारच्या कड्यावर जाऊन बसतं.

म्हणून ‘पोझिशन फॉरमॅट’ ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकच ठेवायचा. कुठलाही चालेल, पण एकच. आपल्या भागात पहिला आकडा १८ किंवा १९ ने सुरू होतो आणि दुसरा बहुतेक ७३ ने. उलटे भरले तर तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पोहोचता. फोनवरून ११२ ला जागा सांगायची वेळ आलीच, तर आधी ‘उत्तर’ म्हणून अक्षांश, मग ‘पूर्व’ म्हणून रेखांश, आणि आकडा एकेक करून: एक, नऊ, पॉइंट, सहा, शून्य. समोरच्याकडून परत वाचून घ्या. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, पाचवा आकडा जेमतेम एक मीटरचा असतो.

उतरवलेला ट्रॅक किती खरा

नेटवर कुठल्याही किल्ल्याचे दहा-वीस ट्रॅक मिळतात. एकच उतरवून त्यावर भिस्त ठेवू नका. तीन-चार घ्या, संगणकावर गार्मिनच्या बेसकँपमध्ये किंवा गूगल अर्थमध्ये एकावर एक टाका आणि जरा निरखून बघा. जिथे सगळ्या रेघा दहा-पंधरा मीटरच्या पट्ट्यात एकत्र चालतात तिथे वाट मळलेली आहे. जिथे त्या खराट्यासारख्या फाकतात तिथे प्रत्येकाने आपापली वाट शोधली आहे. त्या जागेला वेपॉइंट (यंत्रात साठवलेली जागेची खूण) लावा, कारण तुम्हीही तिथेच चुकणार. एखाद्या रेघेला शेपूट फुटलेली दिसेल: पन्नास मीटर पुढे जाऊन त्याच वाटेने परत. ती माणसं वाट चुकून मागे फिरलेली आहेत. हे शेपूट फार मोलाचं, पुसून टाकू नका, त्यावर ‘इकडे नाही’ अशी खूण करा.

ट्रॅकमध्ये बिंदूंची वेळ आहे का ते बघा. वेळ नाही, उंची नाही आणि कोपरे अगदी टोकदार आहेत, तर तो संगणकावर माउसने काढलेला असण्याची शक्यता जास्त. तारीखही बघा. जानेवारीत कोरड्या ओढ्यातून गेलेला ट्रॅक जुलैत धबधब्यातून जातो. खांडसहून भीमाशंकरला शिडी घाटाने गेलेला ट्रॅक आणि गणेश घाटाने गेलेला ट्रॅक पडद्यावर सारख्याच रंगाच्या दोन रेघा दिसतात. शिड्या, ओला कातळ, निसटते हात यातलं रेघेत काहीच उमटत नाही. पावसाळ्यात लांब असली तरी गणेश घाटाचीच रेघ यंत्रात ठेवा आणि दुसरी काढूनच टाका, म्हणजे ऐन वेळी मोह नको.

फाइल यंत्रात टाकताना ‘गार्मिन’ फोल्डरमधल्या ‘जीपीएक्स’ फोल्डरमध्ये टाकायची, नकाशाची फाइल ‘गार्मिन’मध्ये किंवा कार्डावरच्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ३२ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड घेतात आणि खाच सेलच्या खाली आहे, त्यामुळे कार्डाची घालकाढ घरीच. एका ट्रॅकला १०,००० बिंदूंची मर्यादा आहे. दर सेकंदाला बिंदू नोंदवलेला मोबाइलचा ट्रॅक पावणेतीन तासांतच तिथे पोहोचतो आणि पुढचा भाग, म्हणजे बहुधा नेमका उतरण्याचा भाग, यंत्रात येतच नाही. संगणकावर बिंदू कमी करून मगच टाका. स्वतः नोंदवताना ‘ऑटो’ पद्धत ठेवा, किंवा दर पाच सेकंदांनी, मग तेवढ्याच बिंदूंत जवळजवळ चौदा तास बसतात.

आणखी एक सेटिंग: मार्ग काढण्याची पद्धत ‘डायरेक्ट’ किंवा ऑफ-रोड ठेवा आणि ‘लॉक ऑन रोड’ बंद करा. नाहीतर यंत्र तुम्हाला डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या डांबरी रस्त्याने फिरवून आणायचा बेत आखतं. ‘गो टू’ या बटणाने ठिकाण निवडून सरळ बाणामागे जाणं हे मोकळ्या पठारावरच करायचं. चढ-उतारावर नेहमी ट्रॅक उघडून ‘नेव्हिगेट’ करा.

काठावरची खूण काठावर लावायची नाही

आता पुन्हा हरिश्चंद्रगड. मंदिराकडून कोकणकड्याकडे वाट पश्चिमेला जाते आणि कडा तुम्हाला आडवा येतो. धुक्यात, वारा समोरून, आणि बाण सरळ काठाकडे. कोकणकड्याचा वेपॉइंट नेटवर मिळतो तो बहुतेक कुणीतरी फोटो काढताना काठावर उभं राहून घेतलेला असतो. तुमच्या यंत्राची चूक दहा मीटर, त्या माणसाच्या मोबाइलची आणखी दहा, म्हणजे वेपॉइंट हवेतही असू शकतो. पडद्यावरचा ‘±३ मीटर’ हा यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, हमी नाही.

म्हणून ठिकाणाची खूण काठापासून शंभर मीटर आत लावा. काठाच्या रेषेवर दोन-तीन वेगळे वेपॉइंट घेऊन ‘प्रॉक्सिमिटी अलार्म’मध्ये प्रत्येकाला ६० मीटरचं वर्तुळ द्या. वर्तुळात पाय पडला की यंत्र वाजतं. आवाज चालू आहे का ते घरी तपासा, आणि वारा असेल तर यंत्र खिशात नको, खांद्याच्या पट्ट्याला हवं. वाजलं की थांबायचं, वाट सोडून एकही पाऊल टाकायचं नाही.

नाळेचं तोंड शोधण्याचा प्रश्न याच्या उलटा. लांबच लांब काठावर चार-पाच मीटर रुंदीची एक फट शोधायची आणि यंत्र तर दहा-पंधरा मीटर चुकणार. नेमका तोंडावर नेम धरून गेलात आणि तोंड दिसलं नाही, तर डावीकडे शोधायचं की उजवीकडे? त्यापेक्षा मुद्दाम शंभर मीटर एका बाजूला नेम धरा, समजा उत्तरेला. काठाजवळच्या सुरक्षित पट्ट्यात आलात की वळायची दिशा ठरलेलीच असते: दक्षिणेला, काठ उजवीकडे किंवा डावीकडे ठेवून, तोंड लागेपर्यंत. ओढा ओलांडायची जागा किंवा पुसट खिंड शोधतानाही हेच. आणि तोंडाजवळचं झाड, दगडांची रास, भगवा झेंडा काय असेल ते कागदावर लिहून घ्या. शेवटचे पंधरा मीटर डोळ्यांनीच शोधायचे असतात. गावात ‘मामा, नाळेच्या तोंडाशी काय खूण?’ एवढं विचारलं तरी एखादा उंबर किंवा आंबा हाती लागतो आणि तो कुठल्याही वेपॉइंटपेक्षा पक्का.

रात्री किंवा धुक्यात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला आपल्याकडे चकवा म्हणतात. यंत्र चकवा लगेच दाखवतं, कारण तुमचीच रेघ तुमच्या पुढे दिसते. त्यासाठी नकाशा ८० किंवा १२० मीटरच्या मापावर ठेवा. २० मीटरवर मोठा करून चालणारे फार आहेत. त्या मापावर रेघेच्या बाजूला दिसणारा फरक बऱ्याचदा यंत्राच्या चुकीचाच असतो, आणि माणूस उगाच वाटेच्या डावी-उजवीकडे झुडपं तुडवत बसतो.

जिथे यंत्र खोटं बोलतं

सांदण दरीत आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. उपग्रह कमी, आणि जे संदेश येतात ते कातळावर आपटून येतात. परावर्तित संदेश जास्त अंतर कापून येतो, म्हणून यंत्र तुम्हाला भिंतीच्या आत किंवा वरच्या पठारावर दाखवतं. लोअर परळच्या काचेच्या इमारतींमध्ये टॅक्सीचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो ते याच कारणाने. अशा जागी दरीचं तोंड आणि शेवट हे दोनच बिंदू घ्या, मधली रेघ सोडून द्या. एल१ आणि एल५ दोन्ही लहरी ऐकणारी यंत्रं, जसं गार्मिनची जीपीएसमॅप ६५ किंवा ६७, अशा ठिकाणी बरीच सावरतात, पण तीही सांदणच्या तळाशी हरतात. ओली पानं संदेश शोषतात, त्यामुळे भीमाशंकरच्या जंगलात जुलैतली चूक फेब्रुवारीतल्या चुकीपेक्षा जास्त असते.

धरण्याची पद्धतही महत्त्वाची. ईट्रेक्सचा अँटेना चपटा, म्हणून पडदा आकाशाकडे ठेवून आडवा धरा. जीपीएसमॅपला वर बोंडासारखा अँटेना असतो, तो उभा धरायचा. पँटच्या खिशात दोन्ही निम्मे बहिरे होतात.

उपग्रहांच्या पानावर उभ्या पट्ट्या दिसतात. १ ते ३२ क्रमांक अमेरिकेच्या जीपीएसचे, ६५ पासून पुढचे रशियाच्या ग्लोनासचे. मध्येच ४० किंवा ४१ दिसला तर तो गगन, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची चुका सुधारणारी यंत्रणा. ‘वास/एग्नॉस’ हे सेटिंग चालू केलं की आपल्याकडे गगन मिळतं, आणि सुधारणा लागू झालेल्या पट्ट्यांवर ‘डी’ हे अक्षर उमटतं. उघड्या पठारावर ते चालू ठेवावं. ‘यात नाविक आहे का?’ असंही विचारतात. नाविक ही भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा. तिचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यात बोलतात, एल१ ची सोय २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आली. साध्या एकपट्टी यंत्राला सुरुवातीचे नाविक ऐकूच येत नाहीत.

यंत्र महिनाभर बंद असेल तर पहिल्यांदा जागा धरायला वेळ लागतो. कसाऱ्याला उतरल्यावर जीपमध्ये सुरू करू नका. टपाच्या लोखंडाखाली, हलत्या गाडीत ते चाचपडत बसतं. गावात पोहोचल्यावर उघड्या अंगणात दगडावर पाच-दहा मिनिटं ठेवा, तोवर चहा होतो. कंपास असेल तर सेल बदलल्यावर दर वेळी कॅलिब्रेट करा, गाडी आणि लोखंडी गेटपासून दूर. २२एक्सला कंपास नाही, म्हणून त्याचा बाण तुम्ही चालत असतानाच खरा. उभं राहून तो फिरवत बसण्यात अर्थ नाही. पुठ्ठ्यासारखा पातळ, साधा होकायंत्र सॅकमध्ये असावाच. मुंबईच्या आसपास चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे, त्यामुळे काही वजाबाकी करावी लागत नाही.

सेल: रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे चार, दोन यंत्रात, दोन झिपच्या पिशवीत. ‘बॅटरी टाइप’ त्याच जातीवर ठेवा. हे सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. सेटिंग अल्कलाइनवर राहिलं तर भरलेले सेलही अर्धे दिसतात आणि माणूस ते विनाकारण बदलतो. जुने-नवे एकत्र घालू नका.

खरेदीबाबत दोनच गोष्टी. जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर तारीख तपासा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, शेवटची ६ एप्रिल २०१९ ला आली. नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) न मिळालेली जुनी यंत्रं त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर असते, ट्रॅकवरची तारीख निरुपयोगी. दुसरी गोष्ट गंभीर आहे: इनरीच असलेली मॉडेलं, म्हणजे ६६आय, ६७आय वगैरे, उपग्रहामार्फत संदेश पाठवतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं साधन बाळगणं गुन्हा ठरतं. परदेशातून नातेवाइकांना आणायला सांगताना नुसतं ऐकणारं मॉडेल सांगा.

आयपीएक्स७ हे यंत्र पाण्यात किती टिकतं त्याचं माप, म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात तीस मिनिटं. धबधब्याचा मारा त्यात येत नाही. पाणी शिरतं ते बहुधा यूएसबीच्या रबरी झाकणातून, वाळूचा एक कण अडकला तरी. घरी आलात की मागचं झाकण काढा, सेल बाहेर, संपर्काच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, आणि यंत्र रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत नुसतं कपाटात ठेवलं तर पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. ट्रॅक लगेच नाव देऊन सेव्ह करा. दुसऱ्यांना पाठवायच्या आधी जीपचा आणि घरापासून स्टेशनपर्यंतचा भाग कापून टाका, चुकलेली शेपटं मात्र राहू द्या.